राईएवढी राई

तिबिलिसीच्या कोरड्या पुलावर
नुगझार खाकी चादर अंथरतो, जुन्या फौजेतली.
तिच्यावर पदकं, काटे-चमचे,
आणि टोपणं लावलेली भिंगं,
दुपारी डोळा लागल्यासारखी.

मी म्हटलं, मोठं करून दाखवणारं हवंय.
तो म्हणाला, "मोठं करणारे गल्लोगल्ली आहेत, पोरी.
राईचा पर्वत करायला भिंग कशाला,
एक शेजारीण पुरते.
तुला हवंय ते राईला राईएवढीच ठेवणारं."

खिशातून पट्टी काढली त्याने, शाळकरी, टोक तुटलेली.
"हिच्यावरचा एक मिलिमीटर
आत जिथे चित्र उमटतं
तिथेही एक मिलिमीटरच पडला पाहिजे.
एकास एक.
निम्म्यावर दमणारीही स्वतःला मॅक्रो म्हणवतात.
नावावर जाऊ नकोस, पट्टीवर जा."

कडी फिरवली. नळी बाहेर आली,
येतच राहिली,
गोगलगायीने शिंग काढावं तशी.

मग कठड्याला वर्तमानपत्र टेकवलं.
"मधलं कुणीही वाचेल. कोपऱ्यातलं वाच."
कोपऱ्यात कुणीतरी ट्रॅक्टर विकत होतं.
फोनचा शेवटचा आकडासुद्धा स्वच्छ,
आणि जाहिरातीची चौकट सरळ,
कुठे पोट सुटलेलं नाही.

"टिपायचंय काय?"
मधमाशी, म्हटलं. आणि तिच्या पाठीवर काही असेल तर ते.
त्याने हातातलं पन्नासचं काढून घेतलं.
"याने चार बोटांवर जावं लागेल.
तुझीच सावली पडेल तिच्यावर, तुझा श्वास लागेल,
आणि माणसाचा श्वास तिला खपत नाही.
शंभरचं ने. वीतभर अंतर देतं.
जवळ जायचं, पण हात राखून.
हे ज्याला जमलं त्याचं लग्नसुद्धा टिकतं."

शेजारी चमचे विकणारी ग्वांत्सा खो खो हसली:
"दोन मोडलीत याची!"

ऐंशी लारी म्हणाला. पासष्ट दिले
आणि लिंडनच्या मधाची एक बरणी.
पट्टी फुकट.

राचात, आमच्या डोंगरउतारावर,
वडिलांच्या पोळ्यांसमोर मी पालथी पडले.
ते म्हणत होते, माशा थकल्यात यंदा, एवढंच.
ते आता भाकरीचा तुकडाही
हात लांब करून पाहतात.

एकास एक गाठलं
आणि उजेड चौथाईवर आला.
हे नुगझारने सांगितलं नव्हतं,
किंवा सांगितलं असेल, मी हसत होते तेव्हा.
पंखाची शीर धार धरते
तर डोळा विरघळतो.
डोळा धरावा तर पाठ जाते.
सगळी माशी एकदम कधी मिळतच नाही.
शेवटी कडी सोडली,
स्वतःच झुलले,
केसभर पुढे, केसभर मागे,
श्वास बरगड्यांत कोंडून.

आणि तो दिसला.
राखाडी लवेवर तांबूस, चपटा,
कुणी न शिवलेल्या बटणासारखा.

छत्तीस माशा टिपल्या. अकरांना बटणं.

ओनीहून फोटो छापून आणले.
वडिलांनी एक उचलला, हात लांब केला.
"हे तू मोठं करून आणलंस, एतेर."
आणलंय, म्हटलं, म्हणून खाली पट्टीही टिपलीय,
त्याच अंतरावरून, त्याच भिंगातून.
रेघा मोजा.

बराच वेळ मोजत होते.
चुलीवरचं दूध उतू गेलं, कुणी उठलं नाही.

मग म्हणाले, ती पट्टी दे.
तुटकी पट्टी त्यांनी अंगठ्याच्या नखावर ठेवली,
दीड मिलिमीटरवर दुसरं नख रोवलं,
आणि त्या जागेकडे पाहत राहिले,
हात जाईल तेवढा लांब धरून.